दयेचं दार

मायकेल रॅडफर्ड यांच्या २००४ सालच्या 'द मर्चंट ऑफ व्हेनिस' या चित्रपटात शेवटाकडे एक छोटं दृश्य येतं. त्यात संवाद नाही. व्हेनिसच्या ज्यू वस्तीत प्रार्थनेची वेळ झाली आहे. माणसं सिनेगॉगच्या आत जातात आणि दार लागतं. बाहेर ज्यू सावकार शायलॉक उभा आहे. अल पचिनोसारखा भारदस्त आवाजाचा नट इथे एक शब्दही बोलत नाही. लागलेल्या दाराकडे पाठ करून तो नुसता उभा राहतो. काही क्षणांत चित्रपट पुढे सरकतो.

शेक्सपिअरच्या नाटकात हा प्रसंग नाही. नाटकातला शायलॉक चौथ्या अंकात न्यायालयातून बाहेर पडतो, तो परत दिसतच नाही. पाचवा अंक बेलमाँटच्या चांदण्यात घडतो. तिथे संगीत आहे, नवविवाहित जोडप्यांची थट्टा आहे, अंगठ्यांवरून लटकी भांडणं आहेत. १६२३ साली छापलेल्या पहिल्या फोलिओत हे नाटक सुखात्मिकांच्या विभागात आहे, आणि सुखात्मिकेच्या रीतीप्रमाणे शेवटी सगळी माणसं हसत घरी जातात. एक माणूस तेवढा जात नाही. त्याचं पुढे काय झालं, हे विचारण्याची नाटकाला गरज वाटली नव्हती. कॅमेऱ्याला ती वाटली.

जुन्या सुखात्मिका पडद्यावर आणणं बऱ्याचदा सोपं जातं. 'कॉमेडी ऑफ एरर्स'मधले जुळे भाऊ गुलजारांनी १९८२ साली 'अंगूर'मध्ये आणले आणि ते इथलेच होऊन गेले. एका चेहऱ्याची दोन माणसं कुठल्याही गावात गोंधळ घालू शकतात. 'टेमिंग ऑफ द श्रू' १९९९ साली अमेरिकेतल्या एका शाळेत जाऊन बसलं. 'मर्चंट ऑफ व्हेनिस' मात्र असं सहज हलवता येत नाही. त्याच्या सुखान्ताच्या मुळाशी एका माणसाचं धर्मांतर आहे. ते धर्मांतर म्हणजे दया, असं नाटकातली सगळी भली माणसं मानतात. ती खरोखर दया आहे का?

त्यासाठी न्यायालयाचा प्रसंग नीट पाहायला हवा. तीन हजार डुकॅट, मुदत तीन महिने, आणि फेड न झाल्यास कर्जदाराच्या अंगाचं एक पौंड मांस असा करार झालेला आहे. व्यापारी अँटोनियोची जहाजं बुडाल्याची बातमी येते, मुदत टळते, आणि शायलॉक सुरीला धार लावत न्यायालयात उभा राहतो. वकिलाच्या वेशात आलेली पोर्शिया आधी त्याला दयेची विनवणी करते. दया कुणाच्या सांगण्यावरून येत नाही, ती आपण होऊन उतरते, हा तिच्या भाषणाचा गाभा. शायलॉक ऐकत नाही. मग ती कायद्याचंच बोट धरून त्याला अडवते. मांस घे, पण रक्ताचा थेंब सांडता कामा नये. इथपर्यंत सगळं गोष्टीतल्यासारखं आहे. खरी मेख पुढे आहे. परक्याने नागरिकाच्या जिवावर उठायचं ठरवलं, तर त्याची अर्धी मालमत्ता त्या नागरिकाची, अर्धी राज्याची, आणि त्याचा जीव ड्यूकच्या हाती, असा कायदा पोर्शिया काढून दाखवते. शायलॉक राहतो व्हेनिसमध्ये, धंदा करतो व्हेनिसमध्ये, पण कायद्याच्या लेखी तो परका.

ड्यूक त्याला जीवदान देतो. राज्याने आपला अर्धा वाटा सोडावा, असं अँटोनियो सुचवतो, दुसरा अर्धा वाटा जावयासाठी स्वतःकडे ठेवून घेतो, आणि आणखी दोन अटी घालतो. शायलॉकने ताबडतोब ख्रिस्ती व्हावं, आणि मरताना जे काही उरेल ते पळून गेलेल्या मुलीच्या आणि जावयाच्या नावे लिहून द्यावं. हे मान्य नसेल तर दिलेलं जीवदान परत घेऊ, असं ड्यूक बजावतो. पोर्शिया विचारते, मान्य आहे ना? शायलॉक होकार देतो, बरं वाटत नाही म्हणतो, कागद घरी पाठवा, सही करतो, असं सांगतो आणि निघून जातो. इतक्या बोलक्या माणसाचं जाणं इतक्या थोड्या शब्दांत उरकतं.

दया आपण होऊन उतरते असं सांगणारी हीच पोर्शिया. त्याच न्यायालयात घटकाभराने दयेला अटी लागतात आणि त्यातली एक अट श्रद्धेची असते. शेक्सपिअरने ही गोष्ट ज्या इटालियन कथेवरून घेतली, ती जिओव्हानी फिओरेन्तिनोच्या 'इल पेकोरोने' या संग्रहातली. हा संग्रह १५५८ साली छापला गेला. त्या कथेतला ज्यू सावकार हरतो, चिडून करारपत्र फाडतो आणि निघून जातो. त्याला कुणी बाटवत नाही. धर्मांतराची अट शेक्सपिअरने घातली.

त्याने ती क्रौर्य म्हणून घातली असेल असं मानायला फारसा आधार नाही. इंग्लंडमधून ज्यूंना १२९० साली हाकललं गेलं होतं आणि उघडपणे ज्यू म्हणून राहण्याची वाट तिथे १६५६ पर्यंत बंदच होती. नाटक लिहिलं गेलं १५९६-९७च्या सुमारास. त्याच्या दोनच वर्षं आधी, १५९४ साली, राणी एलिझाबेथचा वैद्य रॉडेरिगो लोपेझ याला राणीवर विषप्रयोगाचा कट केल्याच्या आरोपाखाली लंडनमध्ये फाशी झाली होती. तो ज्यू वंशाचा पोर्तुगीज, धर्माने ख्रिस्ती. बाप्तिस्मा झालेला असूनही लोकांच्या नजरेत तो ज्यूच राहिला. त्या काळच्या प्रेक्षकाला शायलॉकचं धर्मांतर म्हणजे त्याच्या आत्म्याचा उद्धार वाटला असणार. शरीराला जीवदान आणि आत्म्याला मोक्ष, एका शत्रूला याहून जास्त काय द्यायचं? चुकलेल्यालाही शेवटी पंगतीला बसवून घ्यायचं, ही सुखात्मिकेची जुनी चाल. शायलॉकला पंगतीत घ्यायचं तर त्याला आधी आपल्यातला करून घ्यायला हवं.

या हिशेबात एक गोष्ट निसटते. ज्याला पंगतीत घेतलं, तो शायलॉक उरला का?

ख्रिस्ती धर्मशास्त्रालाही हा प्रश्न नवा नव्हता. इसवी सन ६३३ मध्ये टोलेडो इथे भरलेल्या चौथ्या धर्मपरिषदेने सांगून टाकलं की ज्यूंना बळाने ख्रिस्ती करू नये. त्याच परिषदेने पुढे हेही ठरवलं, की आधीच बळाने केले गेले असतील त्यांनी ख्रिस्तीच राहिलं पाहिजे. बळजबरी चूक, पण एकदा पाणी डोक्यावरून ओघळलं की परतीची वाट नाही. १२०१ साली पोप तिसरा इनोसन्ट याने आर्लच्या आर्चबिशपला लिहिलेल्या पत्रात हे आणखी बारकाईने मांडलं. जो शेवटपर्यंत नाही म्हणत राहिला आणि तरी ज्याच्यावर पाणी ओतलं गेलं, त्याचा बाप्तिस्मा लागू नाही. पण छळाच्या किंवा मरणाच्या भीतीने का होईना, जो हो म्हणाला, त्याने काही अंशी स्वतःहून स्वीकार केला, म्हणून तो बांधला गेला.

हे वाचल्यावर पोर्शियाचा 'मान्य आहे ना' हा प्रश्न वेगळाच ऐकू येतो. सौजन्याचा वाटणारा तो प्रश्न दाराला कुलूप घालतो. शायलॉकने होकार दिला की त्याच्यावर झालेली बळजबरी कागदोपत्री संमती होते. मानेवर सुरी ठेवून घेतलेला होकार हा होकारच नव्हे, हे सामान्य माणसाला सांगावं लागत नाही. शास्त्राला मात्र तो होकार वाटला, आणि त्या एका वाटण्यापायी पुढे कित्येक पिढ्या चिरडल्या गेल्या.

ज्यू धर्मशास्त्राने त्याच माणसाकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं. अशा माणसाला तिथे हिब्रूत 'अनूस' म्हणतात, म्हणजे ज्याच्यावर बळजबरी झाली तो. बाराव्या शतकात स्पेन आणि उत्तर आफ्रिकेत अलमोहाद राजवटीत ज्यूंवर इस्लाम लादला गेला. वरवर तो पत्करणारे देवाच्या दारी परके झाले, असं एका पंडिताने लिहिल्यावर मायमॉनिडीझ या थोर तत्त्वज्ञाने त्याला पत्रातून खणखणीत उत्तर दिलं. भीतीने उच्चारलेल्या शब्दांनी माणूस ज्यू असण्यातून बाद होत नाही, आणि त्याने घरात गुपचूप केलेली प्रार्थनाही देवापर्यंत पोचते. जमेल तेव्हा जिथे धर्म पाळता येईल तिथे निघून जा, हा त्याचा सल्ला होता. स्वतः मायमॉनिडीझही त्याच राजवटीतून बाहेर पडलेला होता.

म्हणजे रॅडफर्डच्या चित्रपटातलं दार शायलॉकवर ज्यू धर्माने लावलं, असं म्हणणं पुरतं बरोबर नाही. ते दार व्हेनिसने लावलं. व्हेनिसमधली ज्यू वस्ती १५१६ साली एका जुन्या ओतशाळेच्या बेटावर बसवली गेली. ओतशाळेला तिथल्या बोलीत 'गेटो' म्हणत, त्यावरून जगभरच्या कोंडलेल्या वस्त्यांना घेट्टो हे नाव पडलं. संध्याकाळी फाटकं बंद होत, सकाळी उघडत. पहारेकऱ्यांचा पगारही आत कोंडलेल्यांनीच द्यायचा. बाहेर पडताना ओळखीची टोपी घालायची, चित्रपटात ती लाल दिसते. ज्यूंना मुभा होती ती व्याजाने पैसे देण्याची, जुन्या कपड्यालत्त्याच्या व्यापाराची आणि वैद्यकीची. नवख्रिस्ती होणाऱ्यांसाठी शहरात १५५७ साली वेगळं घर उघडलं गेलं. बाप्तिस्मा झालेल्याला घेट्टोत राहता येत नसे. नाटकातल्या अटीचा शायलॉकच्या दुसऱ्या दिवसापुरता अर्थ हा होता. जिथे जन्म गेला ती गल्ली बंद, जिथे बायकोसाठी प्रार्थना केली ते सिनेगॉग बंद, आणि बाहेरच्या शहरात त्याच्यावर थुंकणारी तीच माणसं, आता धर्मबंधू म्हणून.

मराठी वाचकाला इथे एक अडचण जाणवेल, आणि ती खरी आहे. आपल्याकडे सावकार म्हटलं की डोळ्यांपुढे येतो गहाणखतावर अंगठा घेणारा, जमीन गिळणारा माणूस. १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्याची आठवण या मातीत आहे. त्यामुळे शायलॉकची बाजू घेताना मन कचरतं. पण व्हेनिसच्या आणि सुप्याच्या सावकारात मोठा फरक आहे. सुप्याच्या सावकारामागे कोर्टाचा हुकूम उभा होता. व्हेनिसच्या सावकाराला रात्री कुलपात ठेवलं जाई, आणि त्याने धंदा कुठला करायचा हेही दुसऱ्यांनीच ठरवलेलं होतं.

म्हणून काही शायलॉक साधू ठरत नाही. तो सुरी घेऊन उभा आहे, आणि ती चालवायचा त्याचा इरादा पक्का आहे. रॅडफर्डच्या चित्रपटावर एक आक्षेप घ्यायला हवा तो इथे. चित्रपट सुरू होतो तोच १५९६ सालच्या व्हेनिसमधल्या छळाच्या दृश्यांनी. रिआल्टोच्या पुलावरून एका ज्यूला पाण्यात फेकलं जातं, आणि जेरेमी आयर्न्सचा अँटोनियो शायलॉकच्या तोंडावर थुंकतो. नाटकात या थुंकण्याचा नुसता उल्लेख आहे, इथे ते डोळ्यांपुढे घडतं. उलट अँटोनियोचा आपण का द्वेष करतो, हे सांगणारं शायलॉकचं स्वगत चित्रपटात कापलं गेलं आहे. प्रेक्षकाची सहानुभूती मिळवण्यासाठी एवढी काटछाट नको होती. द्वेषाने जळणाऱ्या माणसालाही त्याची श्रद्धा हिरावून न घेता माफ करता येतं का, हा प्रश्न शायलॉक जितका कडवट तितका जास्त टोकदार होतो. गुणी माणसाला दया दाखवायला काय लागतं?

शायलॉकच्या मागे जाण्याची सुरुवात चित्रपटाने केली नाही, रंगभूमीने केली. एडमंड कीनने १८१४ साली लंडनमध्ये त्याला हास्यास्पद खलनायकाच्या पोशाखातून बाहेर काढलं. हेन्री अर्व्हिंगने १८७९च्या प्रयोगात, मुलगी पळून गेल्यावर रिकाम्या घराशी परत येणारा बाप दाखवला. तोही प्रसंग मूळ संहितेत नाही. उलटा वापरही झाला. १९४३ साली व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये नाझी राजवटीच्या आश्रयाने हे नाटक झालं आणि वेर्नर क्राउसने ज्यूद्वेषाला साजेसा किळसवाणा शायलॉक उभा केला. त्यानंतर या नाटकाचा सुखान्त निर्धास्त मनाने करणं कुणालाच शक्य राहिलं नाही.

जोनाथन मिलरच्या नाट्यप्रयोगावरून १९७३ साली केलेल्या दूरचित्रवाणी चित्रपटात लॉरेन्स ऑलिव्हिएचा शायलॉक दाराबाहेर जातो आणि मग आतल्यांना त्याचा आक्रोश ऐकू येतो. शेवटी कद्दिश, म्हणजे मृतासाठी म्हणायची ज्यू प्रार्थना, कानावर येते. ट्रेव्हर नन यांच्या २००१ सालच्या चित्रपटात काळ दोन महायुद्धांच्या मधला आहे. तिथे शायलॉकची मुलगी जेसिका शेवटी एक हिब्रू गाणं गाते, जे आधी तिने वडिलांबरोबर म्हटलेलं असतं. न्यूझीलंडमध्ये डॉन सेल्विन यांनी २००२ साली हे नाटक माओरी भाषेत चित्रित केलं. पेई ते हुरिनुई जोन्स यांनी १९४५ साली केलेला अनुवाद त्यासाठी तयारच होता. ज्या लोकांची जमीन आणि भाषा परक्यांच्या राज्यात आक्रसत गेली, त्यांच्या तोंडून शायलॉकची तक्रार ऐकताना वेगळा अनुवादक लागत नाही.

या सगळ्यांत जेसिकाकडे लक्ष देणारे फार थोडे. रॅडफर्ड यांनी दिलं आहे. नाटकात शायलॉकला बातमी कळते की मुलीने पळून गेल्यावर एका माकडाच्या बदल्यात अंगठी देऊन टाकली. ती पिरोजाची अंगठी लग्नाआधी त्याला बायकोने, लिआने, दिलेली असते. हे ऐकून तो मोडून पडतो. तीन हजार डुकॅट एकीकडे आणि ही अंगठी एकीकडे. चित्रपटाच्या शेवटी पहाटेच्या उजेडात जेसिका घराबाहेर धावत येते, पाण्यावर होड्यांतून माणसं बाण मारून मासे टिपत असतात, आणि ती स्वतःच्या बोटाकडे पाहते. बोटात पिरोजाची अंगठी आहे. ती कधी विकलीच गेली नव्हती. शायलॉकला हे कधी कळणार नाही. जेसिकाने धर्म स्वखुशीने बदलला होता, तरी आईची अंगठी काही तिच्याने काढवली नाही. धर्मांतर सुद्धा माणसाला आधीच्या जन्मापासून पुरतं तोडत नाही, हे इतक्या मायेने दाखवणारं दुसरं दृश्य या नाटकाच्या चित्रपटांत नसेल.

मराठीत धर्म बदलायला लावण्याला 'बाटवणं' म्हणतात, आणि बदललेल्याला 'बाटगा'. शब्दातच विटाळ आहे. ज्याच्यावर जुलूम झाला त्यालाच आपली भाषा डाग लावते. आणि जे जबरीने धर्मात घेतात तेही त्याला आपला मानत नाहीत. याचा पुरावा शोधायला व्हेनिसला जायची गरज नाही, पणजीला गेलं तरी पुरे.

पणजीत गार्सिया द ओर्ताच्या नावाची बाग आहे. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. त्याचं कुटुंब मूळचं ज्यू. पोर्तुगालमध्ये १४९७ साली ज्यूंना सरसकट बाप्तिस्मा घ्यायला लावला गेला, त्या लोंढ्यातून आलेला हा नवख्रिस्ती माणूस. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने संवादरूपात लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. मुंबईचं बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं. ओर्ता १५६८ साली ख्रिस्ती म्हणून मेला, ख्रिस्ती म्हणून पुरला गेला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळलं. आणि १५८० साली ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढून तीही जाळली गेली. लंडनच्या रंगमंचावर शायलॉकला बाप्तिस्म्याची दया मिळाली, त्याच्या जेमतेम सोळा-सतरा वर्षं आधीची ही गोष्ट. बेलमाँटच्या चांदण्यात जिला सुखान्त म्हटलं गेलं, ती वाट गोव्यात कुठपर्यंत जात होती, ते या हाडांवरून कळतं.

जी दया समोरच्याला तो आहे तसा राहू देत नाही, तिला दया म्हणता येणार नाही. तो विजयच असतो, फक्त सभ्य शब्दांतला. शायलॉकची सुरी काढून घेणं हा न्याय होता. त्याला जिवंत सोडणं ही दया होती. त्याची प्रार्थना काढून घेतली तिथे ती दया संपली. नव्या दिग्दर्शकांनी सुखात्मिकेचा विरस केला असं म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं, की संहितेतला एकही प्रसंग त्यांनी खोटा पाडलेला नाही. न्यायालयातून निघालेला माणूस घरी कसा पोचला, एवढंच त्यांनी दाखवलं.

ज्यूंना कुणी कोंडलं नाही की बाटवलं नाही, अशी जागा मराठी मुलखात होती. कोकणच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल शतकानुशतकं राहिले. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी तो बंद ठेवायचा, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं आणि शनिवार त्यांना पाळू दिला. त्यांनी गावांवरून दिवेकर, पेणकर, किहीमकर अशी आडनावं घेतली आणि बायबलातल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली. त्यांच्यातल्याच सॅम्युएल इझिकिएल दिवेकर या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्याने १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. मांडवी भागातलं हे सिनेगॉग जुनी मशीद म्हणूनही ओळखलं जातं. त्याचं हिब्रू नाव आहे शआर हारहमीम, म्हणजे दयेचं दार. व्हेनिसच्या घेट्टोची फाटकं त्यानंतर एका वर्षाने, १७९७ साली, नेपोलियनचं सैन्य शहरात आलं तेव्हा उखडली गेली.